शरीर जे सांभाळतंय त्यात खोडा घालू नका : उन्हाळ्यातल्या या चुका टाळा

एप्रिल लागला की दवाखान्यात तीच वाक्यं पुन्हा ऐकू यायला लागतात. "गोळी दिली, तरी ताप हटत नाही." "दिवसभर पाणीच पितोय, तरी पायात गोळे येतात." "मॅडम, एक सलाईनची बाटली लाई द्या, शेतात काम पडलंय." माणसं बदलतात, गावं बदलतात, चुका त्याच राहतात. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे गेला तर कुणाला नवल वाटत नाही. तापीकाठच्या माणसाला ऊन नवं नाही. तरीही दर उन्हाळ्यात त्याच त्या चुकांपायी धडधाकट माणसं आडवी पडतात आणि त्यातली काही परत उठत नाहीत. म्हणून हे एकदा सविस्तर लिहिते आहे.

आधी मूळ गोष्ट. बाहेर थंडीतले 10 अंश असोत की मेमधले 45, शरीराच्या आतलं तापमान 37 च्या आसपासच राहतं. रक्तातलं सोडियम लिटरला 135 ते 145 मिलीमोल, रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45, उपाशीपोटीची साखर डेसिलिटरला 70 ते 100 मिलिग्रॅम. या हद्दी शरीर रात्रंदिवस राखतं, आपण झोपेत असलो तरी. पेशी बाहेरच्या हवेत जगत नाहीत, शरीरातल्या द्रवात जगतात आणि तो द्रव स्थिर राहिला तरच प्राणी मोकळेपणाने जगू शकतो, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार्द यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं. पुढे 1926 मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी या राखणीला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. शाळेच्या पुस्तकात आपण तिला समस्थिती म्हणतो. हे काम शरीराला उत्तम जमतं. आपण फक्त सामान पुरवायचं : पाणी, मीठ, सावली, विश्रांती. आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चुका अशा की सामान अर्धवट दिलेलं असतं, नाहीतर शरीर जे करू पाहतंय त्याच्या बरोब्बर उलट काहीतरी केलेलं असतं.

ताप आणि उष्माघात एकच समजणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण हिच्यात तासाभरात माणूस जातो.

ताप म्हणजे शरीराने आपणहून वाढवलेलं तापमान. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, तो किती अंशांवर राहायचं ते ठरवतो. जंतुसंसर्ग झाला की प्रोस्टाग्लँडिन ई2 हे रसायन तयार होतं आणि हायपोथॅलॅमस आपली रेषा 37 वरून समजा 39 वर नेतो. आता 37 अंशांचं शरीर त्याला गार वाटू लागतं. म्हणून हुडहुडी भरते, हातपाय थंड पडतात, माणूस गोधडी मागतो. पॅरासिटामॉल ते रसायन कमी करतं, रेषा खाली येते, घाम फुटतो, ताप उतरतो. इथवर सगळं ठीक.

उष्माघातात ती रेषा हललेलीच नसते. हायपोथॅलॅमस 37 वरच अडून बसलेला असतो आणि शरीर जिवाच्या आकांताने उष्णता बाहेर फेकत असतं. पण बाहेरच्या झळा आणि कामामुळे आत तयार होणारी उष्णता मिळून त्याच्या ताकदीपलीकडे जातात. अशा वेळी पॅरासिटामॉल काय खाली आणणार? वर गेलेली रेषाच तिथे नाही. उष्णतेने आधीच दुखावलेल्या यकृतावर गोळीचा भार मात्र पडतो.

शरीराला हे इतकं जड का जातं, तेही समजून घ्या. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून गार असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा 35 च्या वर गेली की उलटं होतं, हवाच आपल्याला तापवते. मग एकच वाट उरते : घाम वाळणं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठ पाझरतो आणि पाझर वाळतो म्हणून आतलं पाणी गार राहतं, तोच हा नियम. लक्षात घ्या, घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. टपटप जमिनीवर गळलेल्या घामाने पाणी आणि मीठ जातं, उष्णता जात नाही. म्हणूनच मेमधल्या कोरड्या 44 पेक्षा जूनच्या सुरुवातीचे ढगाळ, चिकचिकीचे 40 अंश जास्त घातक ठरू शकतात. आणि म्हणूनच दारं-खिडक्या बंद करून कूलर लावणं चूक. खोलीत दमटपणा साठतो, घाम वाळत नाही. समोरची खिडकी उघडी ठेवा.

आता एक प्रसंग सांगते. मेची अखेर, पूर्वहंगामी कापसाच्या लागवडीची घाई. तिशीतला एक गडी, ठिबकच्या नळ्या अंथरत होता. सुरतेला कारखान्यात कामाला, घरच्या शेतीच्या कामापुरता दोन दिवसांपूर्वी गावी आलेला. दुपारी एकच्या सुमाराला तो मुकादमाला मोठ्या भावाच्या नावाने हाका मारू लागला, हातातली नळी सोडून भलत्याच दिशेने चालू लागला आणि बांधावर कोसळला. सोबतच्यांनी अंगाला हात लावला. चटका बसावा इतकं अंग तापलेलं. "याले ताप ई गया" म्हणत त्याला उचलून घरी नेलं, पत्र्याच्या खोलीत निजवलं, वर गोधडी टाकली, तोंड उघडून गोळी घातली. अर्ध्या तासाने उतार नाही म्हणून दुसरी गोळी. मग मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून माझ्याकडे.

तो आला तेव्हा सदऱ्याची कॉलर घामाने ओली होती. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. पाऱ्याचं थर्मामीटर 108 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 42 सेल्सिअसला, संपतं आणि पारा त्याच्या अगदी जवळ पोचला होता. त्याला आत घेतलाच नाही. बाहेर ओट्यावर निजवला, कपडे काढले, कंपाउंडरने हौदातून बादल्या ओतायला सुरुवात केली. समोरच्या रसवंतीवाल्या भाऊंनी मागण्याआधीच बर्फाची लादी फोडून आणली. ओल्या चादरी, मानेजवळ-काखेत-जांघेत बर्फ, दोन्ही बाजूंनी दोन टेबलफॅन. सलाईन त्यानंतर. वीस-पंचवीस मिनिटांत तापमान 39 सेल्सिअसच्या खाली आलं तेव्हा ओतणं थांबवलं आणि त्याला 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तो वाचला. पण उष्णतेने स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकले होते, लघवी काळ्या चहासारखी येत होती. डायलिसिस करावं लागलं आणि त्या हंगामात तो पुन्हा शेतात उतरला नाही.

मला आजही चीड येते ती एका गोष्टीची. त्या शेतात विहीर होती, मोटर चालू होती, ठिबकला पाणी सुरू होतं. तो जिथे पडला तिथेच पाईप धरला असता तर गेलेला सव्वा-दीड तास गेलाच नसता. औषध पायाशी वाहत होतं आणि त्याला गोधडीत गुंडाळलं.

म्हणून माझी पद्धत सांगते. उन्हात राबणारा माणूस विचित्र वागायला लागला, अडखळत बोलू लागला, तोल जाऊ लागला, की मी थर्मामीटरच्या आधी विचारते : नाव काय, आज वार कोणता, घरी कोण कोण आहे? उत्तर चुकलं की उष्माघात समजायचा आणि पाणी ओतायचं. गार करणं आधी, गाडी नंतर. एकाने 108 ला फोन लावायचा, बाकीच्यांनी सावलीत ओढून, कपडे काढून, डोक्यापासून पायापर्यंत सतत भिजवत राहायचं आणि वारा घालायचा. पाण्याची टाकी किंवा जनावरांचा हौद जवळ असेल तर डोकं बाहेर धरून त्यात बसवलं तर त्याहून चांगलं. गाडी आली तरी गाडीत ओल्या चादरी चालूच. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. आणि "घाम येतोय ना, मग उष्माघात नाही" हे डोक्यातून काढून टाका. म्हाताऱ्या माणसांना घरात बसून उष्माघात होतो तेव्हा अंग बहुधा कोरडं असतं, राबणाऱ्याचं ओलं असू शकतं. हवा 40 अंशांच्या वर असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा लावला तर तो तापवतोच, आधी अंग भिजवा.

याची उलटी चूकही होते. मलेरिया-फ्लूच्या तापात थरथरणाऱ्या पोराला बर्फाच्या पाण्याने पुसतात. त्याची रेषा 39-40 वर आहे, तुम्ही गार केलंत की ते आणखी थरथरून उष्णता तयार करणार. तिथे वजनाप्रमाणे गोळी किंवा सायरप, सुती कपडे, भरपूर पाणी. थर्मामीटरवर आकडा तोच दिसला तरी उपाय एक नाही.

ओआरएसचं पाकीट अंदाजाने कालवणं

ही माझी दुसरी कळकळीची गोष्ट. ओआरएस इतकं स्वस्त आणि इतकं साधं आहे की लोकांना ते औषध वाटतच नाही. जे औषध वाटत नाही त्याचं माप कोण बघतो!

लहान आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन आहे. ते ग्लुकोज आणि सोडियम दोघांना मिळून आत घेतं, एकट्यादुकट्याला नाही. ते आत गेले की मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यातही, आतड्याचं बाकी सगळं गणित कोलमडलेलं असताना, ही वाट उघडी राहते. ओआरएसमधली साखर चवीसाठी नाही, याच्यासाठी आहे. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. 30 टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण 4 च्या खाली आलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते 2023 मध्ये. छावणीतल्या आया-बायांनी जे नीट दिलं, ते आपल्याला पक्क्या घरात, पाकिटावर सूचना छापलेली असताना नीट देता येऊ नये?

आता पाहा, चूक कशी होते. मोठं पाकीट साधारण 20 ते 21 ग्रॅमचं, ते पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. छोटं चार ग्रॅमच्या आसपासचं, ते 200 मिलिलिटरसाठी. दोन्ही औषधाच्या दुकानात शेजारी शेजारी लटकलेली असतात. लिटरचं पाकीट नीट कालवलं तर सोडियम लिटरला 75 मिलीमोल होतं आणि द्रावणाची एकूण तीव्रता 245, रक्ताच्या तीव्रतेहून थोडी कमी, म्हणून पाणी आत शिरतं. तेच पाकीट एका ग्लासात ओतलंत की सगळं पाचपट. सोडियम 375, तीव्रता बाराशेच्या पुढे. आता हे द्रावण शरीराला पाणी द्यायच्या ऐवजी शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं.

अगदी असंच एका दहा महिन्यांच्या बाळाचं झालं होतं. जुलाब सुरू झाले. आजी शहाणी, वेळेवर ओआरएस आणवलं. पण "एवढंसं लेकरू, लिटरभर थोडंच पिणार" म्हणून पूर्ण पाकीट एका फुलपात्रात कालवलं आणि वाटी-चमच्याने दिवसभर तेच पाजलं. जुलाब वाढले, म्हणून आणखी पाजलं. माझ्याकडे आणलं तेव्हा बाळ किंकाळीसारखं बारीक रडत होतं, चमचा दिसला की झडप घालत होतं, आणि पोटाची कातडी चिमटीत धरली तर भिजवलेल्या कणकेसारखी लागत होती. शहरात पाठवलं, तिथे सोडियम 160 च्या पुढे निघालं, वाटेत एकदा झटका येऊन गेला होता. असं चढलेलं सोडियम घाईने उतरवता येत नाही, मेंदूला सूज येते, म्हणून दोन दिवस थेंबाथेंबाने उतरवलं. बाळ सुखरूप घरी आलं. आजी माझ्यासमोर बसून रडली आणि तिला मी एक शब्दही बोलले नाही. दुकानदाराने पाकीट देताना "लिटरभर पाण्यात, आजी" एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं.

तेव्हापासून मी पाकिटावर जाड मार्करने "1 लिटर" लिहूनच देते आणि टेबलावर ठेवलेली लिटरची बाटली दाखवते. तुम्हीही घरात लिटरची पाण्याची बाटली मापाला ठेवा. आख्खं पाकीट एकदम कालवा. अर्धं आता, अर्धं नंतर असं करू नका, कारण पावडरीत मीठ-साखर कुठे किती आहे ते सांगता येत नाही. कमी लागणार असेल तर छोटी पाकिटं आणा. वरून साखर नको, दुधात नको, सरबतात नको. 24 तासांनी उरलेलं फेकायचं, लहान मुलाला ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सहा महिन्यांवरच्या मुलाला सोबत डॉक्टरांनी दिलेली झिंकची गोळी पूर्ण 14 दिवस, जुलाब थांबले तरी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. "सपाट" या शब्दावर बोट ठेवून वाचा.

दुकानात मिळणारी गोड, फळांच्या चवीची तयार पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. साखर जास्त, मीठ कमी. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी घातली ती याच कारणाने. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहून घ्या.

पाणी पाणी, आणि फक्त पाणी

घामात पाणी जातं तसं मीठही जातं. उन्हात जोराचं काम केलं तर तासाला लिटरभर घाम सहज जातो. त्याची भरपाई नुसत्या पाण्याने केली की रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. निरोगी मूत्रपिंडं तासाला फार तर 800 मिलिलिटर ते लिटरभर जादा पाणी बाहेर टाकू शकतात. दोन लिटरची बाटली एका दमात रिकामी करणाऱ्यांना हे माहीतच नसतं. सोडियम फार उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो, झटके येतात. लोक म्हणतात, ऊन लागलं, पाजा आणखी पाणी. ही चूक जिवावर बेतते. भरपूर पाणी प्यायलेला, स्वच्छ पांढरी लघवी होत असलेला माणूस भ्रमिष्ट वागायला लागला, तर आणखी पाणी न देता दवाखाना गाठा.

काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी, आणि दोन-तीन तासांहून जास्त काम असेल तर अधूनमधून मीठ-जिऱ्याचं ताक, मीठ-साखरेचं लिंबूपाणी, कैरीचं पन्हं. न्याहारीला भाकरीसोबत ठेचा, लोणचं, कढी असेल तर मिठाची बहुतेक भरपाई तिथेच होते. आपल्या जुन्या माणसांच्या शिदोरीत हे सगळं होतं. पायात गोळे आले की केळी खायला सांगणारे बरेच भेटतात. केळ्यात पोटॅशियम असतं, सोडियम नसल्यात जमा. घाम जाऊन पायात आलेल्या गोळ्यांना मीठ लागतं. आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय केळी, नारळपाणी वाढवू नये. रक्तातलं पोटॅशियम 3.5 ते 5 मध्येच राहिलं पाहिजे, फार चढलं की हृदय बंद पडू शकतं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात राहून हे सांगणं जड जातं, पण सांगते.

"बाटली लावा"

बाटली लावून घ्यायची हौस मला अजिबात पटत नाही. 500 मिलिलिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. एका मध्यम केळ्यात याहून थोडी जास्तच शक्ती असते. त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन घालून बाटली पिवळी केली की लोकांना समाधान वाटतं. ते व्हिटॅमिन बरंचसं संध्याकाळपर्यंत लघवीतून निघून जातं. ज्याला तोंडाने पिता येतं, त्याच्या आतड्याला किती घ्यायचं आणि किती सोडायचं ते कळतं. शिरेतून दिलं की ती चाळणी बाजूला राहते, हृदय कमजोर असेल तर फुफ्फुसात पाणी भरू शकतं. उलट्या थांबत नसतील, शुद्ध जात असेल, सहा-आठ तास लघवी नसेल, तर सलाईन जीव वाचवतं आणि मी क्षणभरही थांबत नाही. पण "उद्या लग्नाला जायचंय, आज ताकद येऊ द्या" यासाठी सुई टोचून घेऊ नका.

भरतीची पोरं आणि पहिल्या दिवसाची घाई

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे. घरची परिस्थिती बेताची, पहाटे उठून 1600 मीटरचा वेळ सेकंदा-सेकंदाने कमी करायचा, हे सोपं नाही. म्हणूनच त्यांची घाई बघवत नाही. परीक्षा जवळ आली की दुपारी अकराला मैदानावर, अंगात जॅकेट, कुणाच्या आत प्लॅस्टिक गुंडाळलेलं, "वजन उतरतं" म्हणून. उतरतं ते पाणी. लिटर घामाला किलो, आणि संध्याकाळी पाणी प्यायलं की परत तेवढंच. मध्ये फक्त उष्माघाताची जोखीम घेतलेली असते. घाम वाळूच नये अशी व्यवस्था करून उन्हात धावणं, यापरतं शरीराच्या आड येणं दुसरं नाही.

उन्हाची सवय होते, पण तिला 7 ते 14 दिवस लागतात. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटतो, आणि अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकामुळे घामातलं मीठ कमी होतं. हे सगळं शरीर आपणहून करतं, त्याला फक्त दिवस द्यावे लागतात. काही आठवडे उन्हापासून दूर राहिलं की सवय जातेही. पुण्या-सुरतेहून आखाजीला (अक्षय तृतीयेला) गावी आलेला तरुण "मी इथलाच, मला काय होतंय" म्हणत पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी काम करतो, आणि वरच्या प्रसंगातला गडी तसाच होता. पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्शाएवढंच काम करा, मग रोज तेवढंच वाढवा. सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतर. मुकादमांनी, शेतमालकांनी नव्या माणसाला पहिला आठवडा हलकं काम द्यावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता बाकीच्या चुका, थोडक्यात.

खिशात कांदा ठेवून उष्माघात टळत नाही. तोच कांदा भाकरीसोबत खा आणि डोक्याला उपरणं बांधा.

अल्कलाइन पाण्यावर पैसे घालवू नका. रक्ताचा पीएच फुफ्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडं बायकार्बोनेट राखून सांभाळतात. प्यायलेलं पाणी आधी जठराच्या आम्लात पडतं, तिथेच त्याचा अल्कलाइनपणा संपतो.

सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. आईने पाणी प्यावं आणि बाळाला जास्त वेळा पाजावं.

आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला की मधुमेहाची माणसं घाबरत घाबरत ग्लुकोमीटर काढतात. हात साबणाने धुतल्याशिवाय बोट टोचू नका. बोटाला लागलेला आंब्याचा रसच पट्टीवर जातो आणि आकडा भलताच मोठा येतो. तो पाहून इन्सुलिन वाढवून घेतलं तर साखर धोकादायक खाली जाते. शरीरातल्या पाच लिटर रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, एक चहाचा चमचा, त्यामुळे इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही. आणि मधुमेही माणसाला उन्हात दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर ते ऊनच असेल असं धरून चालू नका. साखर तपासा. 70 च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. इन्सुलिन मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवून बाजार करत हिंडू नका. तिथल्या उन्हात ते निकामी होतं आणि दिसायला मात्र तसंच दिसतं.

घरातल्या वयस्कर माणसांकडे जरा जास्त लक्ष द्या. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते, घाम कमी सुटतो. "जिभाऊ, तहान लागली का?" विचाराल तर "नही" म्हणतील, आणि ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच कळत नाही. विचारू नका, दर तासाला अर्धा ग्लास हातात द्या. रात्री उठावं लागतं म्हणून संध्याकाळनंतर पाणी तोडणारे बरेच आहेत, त्यांचं पाणी दिवसा जास्त करून घ्या. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचं माप ठरवून दिलेलं असेल, तर त्यांचा हिशोब डॉक्टरांकडूनच घ्या.

शेवटचं, बीपीच्या गोळ्यांबद्दल. उष्णतेत अंगाला गारवा देण्यासाठी शरीर त्वचेकडचा रक्तप्रवाह खूप वाढवतं, रक्तवाहिन्या सैल होतात, त्यात घामाने पाणी गेलेलं. त्यामुळे उन्हाळ्यात बऱ्याच जणांचं बीपी उतरतं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उठताना चक्कर येते. काही जण चक्कर आली म्हणून मनानेच सगळ्या गोळ्या बंद करतात आणि पावसाळ्यात अर्धांगवायू होऊन येतात. काही जण चक्कर येत असूनही गप्प राहतात आणि मोरीत पडून खुबा मोडून घेतात. दोन्ही नको. मार्चअखेरीस एकदा सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, बसून आणि उभं राहून दोन्ही वेळा बीपी मोजून घ्या. ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या घाम कमी करतात, त्याही त्या पिशवीत असू द्या. कोणती किती करायची ते तेव्हा ठरेल. जून-जुलैत हवा बदलली की तीच पिशवी घेऊन पुन्हा या.